बोर्डो मिश्रणाचे एक पिंप आणि रासायनिक अभिक्रियांचे चार प्रकार

संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन. हे चार शब्द दहावीच्या विज्ञानात भेटतात, परीक्षेपुरते पाठ होतात आणि निकालाबरोबर विसरले जातात. पुस्तकात प्रत्येक प्रकाराला वेगळे उदाहरण असते. मॅग्नेशिअमची फीत एकीकडे, सिल्व्हर नायट्रेट दुसरीकडे, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. द्राक्ष, डाळिंब आणि सुपारीच्या बागांत फवारले जाणारे बोर्डो मिश्रण मात्र मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट), चुना आणि पाणी या तीनच वस्तूंचे बनते आणि चारही प्रकार त्यात एकामागोमाग घडतात. हे मिश्रण बिघडते तेव्हाही बहुतेक वेळा यांपैकीच एखादी अभिक्रिया नको त्या जागी किंवा नको त्या वेळी घडलेली असते. म्हणून प्रकार शिकायचे असोत किंवा फवारणी नीट करायची असो, कृती एकच आहे.

फ्रान्समधल्या बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ साली हे मिश्रण द्राक्षाच्या केवडा रोगावर उपाय म्हणून प्रसिद्ध केले. त्या भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, जेणेकरून जाणाऱ्या-येणाऱ्याने घड तोडून खाऊ नयेत. नेमक्या त्याच वेली केवड्यातून वाचलेल्या त्यांना दिसल्या. तांबे बुरशीला मारते, पण नुसती मोरचूद फवारली तर पानेही करपतात. विरघळलेले तांबे पानावर चिकटून राहील आणि हळूहळूच सुटेल अशा अविद्राव्य रूपात बदलणे हे चुन्याचे काम.

प्रमाण आणि तयारी

१ टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. झाडाच्या खोडाला लावायची बोर्डो पेस्ट तेवढ्याच मोरचूद-चुन्यात फक्त १० लिटर पाणी घालून करतात. कोणत्या पिकाला, कोणत्या अवस्थेत किती टक्के फवारायचे ते आपल्या भागातल्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच ठरवा. कोवळ्या फुटीवर तीव्र मिश्रण पडले तर नुकसान होते.

प्रकार समजून घेण्यासाठी एवढ्या मोठ्या प्रमाणाची गरज नाही. मोरचूद १० ग्रॅम, ताज्या कळीच्या चुन्याचे खडे २० ग्रॅम, काचेचे चार पेले, स्टीलची वाटी, प्लॅस्टिकचे चमचे, चार लोखंडी खिळे, पॉलिश पेपर, लाल व निळा लिटमस आणि थोडे व्हिनेगर पुरते. तापमापी असेल तर उत्तम. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे घालायलाच हवेत, कारण चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते. गेलाच तर चोळू नका. वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

अपघटन: चुना भट्टीतूनच कसा येतो

आपल्या हातात येणारा कळीचा चुना ही आधीच झालेल्या एका अभिक्रियेची कमाई आहे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजतात:

कॅल्शिअम कार्बोनेट → कॅल्शिअम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड

एका पदार्थाचे दोन झाले, म्हणून हे अपघटन. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो वायू धुराड्यातून निघून जातो. उष्णता बाहेरून सतत द्यावी लागते, म्हणून ही अभिक्रिया उष्माग्राही आहे. ती उष्णता कोळसा जळून येते. कोळशाचे जळणे म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजनचा संयोग, ते ऑक्सिडीकरणही आहे आणि ज्वलनही. एकाच अभिक्रियेला तीन नावे लागू शकतात, हे इथेच लक्षात घेतलेले बरे. विद्यार्थी ‘यातले बरोबर नाव कोणते’ म्हणून अडतात, आणि बरोबर तिन्ही असतात.

भट्टीत नीट न भाजलेला खडा आतून चुनखडीच राहतो. तो पाण्यात कितीही ठेवला तरी फुटत नाही. चुना विझवल्यावर तळाशी जे टणक खडे उरतात ते हेच. वजनात ते मोजले गेलेले असतात, पण कामाचे नसतात.

संयोग: चुना विझवणे

स्टीलच्या वाटीत १० ग्रॅम चुन्याचे खडे घ्या. ४० मिलीलिटर पाणी मोजून बाजूला ठेवा आणि त्यातले चमचाभर खड्यांवर शिंपडा. पहिले काही क्षण काहीच होत नाही, खडा पाणी शोषून घेतो. मग बारीक सुस्कारे ऐकू येतात, खड्याला भेगा पडतात, तो फुलतो आणि पांढरी भुकटी होऊन कोसळतो. वाफ येऊ लागते. उरलेले पाणी थोडे थोडे घालत ढवळा. चुना चांगला असेल तर तापमापी ६० अंशांच्या पुढे जाते.

कॅल्शिअम ऑक्साइड + पाणी → कॅल्शिअम हायड्रॉक्साइड + उष्णता

दोनाचे एक झाले, म्हणून संयोग. उष्णता बाहेर पडली, म्हणून उष्मादायी. ही उष्णता किरकोळ नसते. १ किलो शुद्ध चुन्यातून सुमारे ११५० किलोज्यूल मिळतात, म्हणजे साडेतीन लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीला आणण्याइतके. अभिक्रियेला प्रत्यक्षात किलोमागे ३२० मिलीलिटर पाणीच लागते; बाकीचे पाणी ही उष्णता झेलण्यासाठी.

शेतावर १ किलो चुना विझवताना ३ ते ४ लिटर पाणी हळूहळू घाला. पाणी अगदीच कमी पडले तर चुना आतून तापून करपतो आणि खरखरीत राहतो. एकदम बादलीभर ओतले तर खडे थंड पडतात आणि अर्धे कच्चे राहतात. मध्येच बादलीवर वाकून बघू नका, खदखदताना थेंब उडतात. पातळ प्लॅस्टिकची बादली या उष्णतेने मऊ पडते, त्यामुळे मातीचे मडके किंवा लोखंडी घमेले घ्या. चुन्याला लोखंड चालते. ॲल्युमिनिअमचे पातेले मात्र अजिबात नको: चुन्याचे पाणी ॲल्युमिनिअम खाते आणि त्यातून ज्वलनशील हायड्रोजन निघतो.

विझलेला चुना पूर्ण गार होऊ द्या, मग पाणी वाढवून पातळ करा आणि दुहेरी फडक्यातून गाळा. गार होण्याची वाट का बघायची, याचे कारण पुढे येईल.

चुना जुना असेल तर

फाटक्या पोत्यातला चुना हवेतली वाफ घेत आपोआप विझतो, आणि विझलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो:

कॅल्शिअम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शिअम कार्बोनेट + पाणी

भट्टीत जे वेगळे केले तेच पुन्हा एकत्र आले. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, तीही याच अभिक्रियेने. निवळीसाठी चमचाभर विझवलेला चुना लिटरभर पाण्यात हलवून रात्रभर ठेवा आणि वरचे स्वच्छ पाणी ओतून घ्या. स्ट्रॉने फुंका, ओढू मात्र नका. बराच वेळ फुंकत राहिलात तर दुधाळपणा पुन्हा नाहीसा होतो, कारण जादा कार्बन डायऑक्साइडमुळे विद्राव्य कॅल्शिअम बायकार्बोनेट तयार होते. प्रयोग चुकला असे समजून निवळी फेकून देणारे बरेच असतात.

विकत घेतलेल्या चुन्याची परीक्षा दोन मिनिटांत होते. एका खड्यावर पाणी शिंपडा. तो काही मिनिटांत तापून फुटला तर चुना ताजा. भुकटी असेल आणि तापत नसेल तर तिच्यावर थोडे व्हिनेगर टाका. जोरात बुडबुडे आले तर तिचा बराचसा भाग कार्बोनेट झाला आहे. ती मिश्रणात वजन भरेल, पण मोरचुदीचा आम्लपणा पुरेसा मारणार नाही.

मोरचूद विरघळवणे ही अभिक्रिया नव्हे

५० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद तळाशी टाकून ढवळत बसण्यापेक्षा तिची पातळ फडक्यात पुरचुंडी बांधा आणि काठीला अडकवून पाण्याच्या वरच्या थरात बुडेल अशी टांगा. विरघळलेले जड द्रावण निळ्या धारांनी खाली उतरत जाते, पुरचुंडीभोवती सतत नवे पाणी येते, आणि रात्रीत सगळी मोरचूद विरते. काचेच्या पेल्यात लहानसा खडा दोऱ्याने टांगून पाहा, त्या धारा स्पष्ट दिसतात. घाई असेल तर आधी २–४ लिटर गरम पाण्यात विरघळवून मग थंड पाणी वाढवा. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचेच हवे.

विरघळण्यात नवा पदार्थ बनत नाही. पाणी आटवले की तीच निळी मोरचूद परत मिळते. पण कोरडी मोरचूद कढल्यात मंद आचेवर तापवली तर ती पांढरी पडते, कारण तिच्या स्फटिकात अडकलेले पाणी निघून जाते. ५ ग्रॅम मोरचुदीचे सगळे पाणी गेले तर ३.२ ग्रॅम पांढरी भुकटी उरते. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की ती पुन्हा निळी होते आणि कढले कोमट लागते. काळपट छटा दिसू लागली किंवा झोंबरा वास आला तर आच ताबडतोब बंद करा. आता पाणी नाही, सल्फेटच तुटू लागले आहे.

विकतच्या मोरचुदीच्या खड्यांवर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका, ती थोडे पाणी गमावलेली मोरचूदच असते. हिरवट खडे मात्र संशयास्पद, त्यांत लोखंडाच्या सल्फेटची म्हणजे हिराकसाची भेसळ असू शकते. अशा द्रावणात चुना घातला की आकाशी साक्याऐवजी मळकट हिरवा साका बसतो आणि हवेत तो तपकिरी होत जातो.

दुहेरी विस्थापन: निळा साका

पेल्यात ५० मिलीलिटर पाण्यात १ ग्रॅम मोरचूद विरघळवा. दुसऱ्या पेल्यात मघाचा गार झालेला चुना नीट ढवळून त्यातला ५ मिलीलिटर (यात साधारण १ ग्रॅम चुना आला) आणि ४५ मिलीलिटर पाणी घ्या. आता मोरचुदीचे द्रावण चुन्याच्या पाण्यात बारीक धारेने ओता आणि ढवळत राहा. पारदर्शक निळे द्रावण पांढऱ्या चुन्याला मिळताच दाट, आकाशी, मऊ साका तयार होतो.

कॉपर सल्फेट + कॅल्शिअम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शिअम सल्फेट

कॉपरचा जोडीदार सल्फेट होता आणि कॅल्शिअमचा हायड्रॉक्साइड. दोघांनी जोडीदार बदलले. हेच दुहेरी विस्थापन, आणि खाली बसणारा अविद्राव्य पदार्थ म्हणजे अवक्षेप. प्रत्यक्षातला साका वरच्या समीकरणाइतका साधा नसतो. त्यात सल्फेट अडकलेले क्षारीय कॉपर सल्फेटही असते, आणि कॅल्शिअम सल्फेट म्हणजे जिप्सम फार थोडेच विरघळत असल्याने त्याचाही काही भाग खाली येतो. समीकरण प्रकार ओळखण्यापुरते खरे आहे.

ओतण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. मोरचूद चुन्यात ओतली तर शेवटपर्यंत मिश्रण अल्कधर्मी राहते आणि साका बारीक, लुसलुशीत, चिकट बनतो. चुना मोरचुदीत ओतला तर सुरुवातीला मिश्रण आम्लधर्मी असते आणि हिरवट, भरड साका बनतो. दोन पेल्यांत दोन्ही प्रकारे करा आणि अर्धा तास शेजारी शेजारी ठेवा. भरड साका लवकर खाली बसतो आणि वर स्वच्छ पाण्याचा जाड थर दिसतो. फवारणीत त्याचा अर्थ असा की पंपाच्या तळाशी तांबे आणि पानांवर नुसते पाणी. शेतावर दोघांनी दोन बादल्यांतून एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतले तरी चालते, तिसऱ्याने ढवळत राहायचे.

चुना गार का हवा? निळे कॉपर हायड्रॉक्साइड तापले तर त्यातून पाणी निघून काळे कॉपर ऑक्साइड उरते. परीक्षानळीत थोडा साका घेऊन तापवा, तो डोळ्यांदेखत काळवंडतो. हे पुन्हा अपघटनच. गरम चुन्यात मिश्रण केले की हीच सुरुवात पिंपात होते आणि साक्याचा चिकटपणा जातो. नुसते ठेवून दिले तरी साक्याचे कण काही तासांत मोठे होत जातात. म्हणून मिश्रण त्याच दिवशी संपवायचे, उद्यासाठी ठेवायचे नाही.

चुना किती हा प्रश्नही हिशेबाने सुटतो. १ किलो मोरचुदीतले सगळे तांबे खाली बसवायला शुद्ध कळीचा चुना फक्त २२४ ग्रॅम लागतो. शिफारशीत १ किलो सांगतात, कारण बाजारातला चुना कधी अर्धा विझलेला, कधी कच्चा भाजलेला असतो आणि तांबे मोकळे राहण्यापेक्षा चुना जास्त झालेला परवडतो. चुना अगदी ताजा असेल तर मिश्रण याच्या निम्म्या चुन्यातही अल्कधर्मी होते. म्हणून वजनावर विसंबू नका, प्रत्येक पिंपाची परीक्षा घ्या.

विस्थापन: खिळ्याची परीक्षा

खिळा किंवा विळ्याचे पाते पॉलिश पेपरने चकचकीत घासा. तेल किंवा गंज राहिला तर परीक्षा फसते. ते मिश्रणात एक मिनिट बुडवून काढा. लालसर तांबूस थर दिसला तर मिश्रणात मोकळे तांबे आहे. चुना वाढवा, ढवळा आणि नव्याने घासलेल्या पात्यावर पुन्हा बघा. पाते होते तसेच राहिले तर मिश्रण फवारायला योग्य. जोडीला लाल लिटमस निळा होतो का तेही पाहा.

थर म्हणजे नेमके काय ते समजायला एक पेला मुद्दाम बिघडवा. १ ग्रॅम मोरचुदीच्या द्रावणात ढवळलेला चुना फक्त अर्धा मिलीलिटर घाला आणि खिळा बुडवा. शेजारी चुना अजिबात न घातलेल्या मोरचुदीत दुसरा खिळा २० मिनिटे ठेवा. पहिल्या काही सेकंदांतच खिळ्याचा चकचकीतपणा जाऊन त्यावर तांबूस साय धरते. मग ती जाड होते आणि बोट फिरवले तर सैल भुकटीसारखी निघते. द्रावणाचा निळा रंग फिका पडून हिरवट होतो.

लोखंड + कॉपर सल्फेट → फेरस सल्फेट + कॉपर

लोखंड तांब्यापेक्षा अधिक अभिक्रियाशील आहे, म्हणून ते तांब्याला सल्फेटमधून बाहेर काढून त्याची जागा घेते. लोखंडाचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, तांब्याचा आयन ते घेऊन धातू बनतो. देणाऱ्याचे ऑक्सिडीकरण, घेणाऱ्याचे क्षपण.

मोरचूद लोखंडी पिंपात का भिजवायची नाही, याचे उत्तर याच समीकरणात आहे. १ किलो मोरचुदीत सुमारे २५४ ग्रॅम तांबे असते. ते सगळे पिंपाच्या भिंतीवर बसले तर पिंपाचे २२४ ग्रॅम लोखंड विरघळते: पिंपाला भोके पडतात आणि औषधातले तांबे भिंतीवर राहते. जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादलीही वाचत नाही, जस्त लोखंडापेक्षाही अधिक अभिक्रियाशील आहे. ॲल्युमिनिअमवरचा ऑक्साइडचा पातळ पापुद्रा त्याला काही काळ सांभाळतो, पण पाण्यात मीठ असेल तर तो पापुद्रा टिकत नाही आणि भांडे झपाट्याने झिजते. तांब्याचे भांडे मात्र चालते, तांबे तांब्याला कुठे हटवणार?

प्रकार ओळखताना

समीकरणाचा साचा पाठ करण्यापेक्षा दोन प्रश्न विचारा. पदार्थांची संख्या कमी झाली, वाढली की तेवढीच राहिली? आणि कुणी इलेक्ट्रॉन दिले का? चुना विझवताना संख्या कमी झाली पण इलेक्ट्रॉन कुणी दिले नाहीत, म्हणून तो संयोग आहे, रेडॉक्स (म्हणजे ऑक्सिडीकरण आणि क्षपण एकत्र) नाही. कोळसा जळताना संख्याही कमी झाली आणि इलेक्ट्रॉनही गेले, म्हणून तो संयोग आहे आणि रेडॉक्सही. निळा साका बनताना जोड्या बदलल्या, इलेक्ट्रॉन जागेवरच राहिले. खिळ्यावर तांबे बसले तिथे इलेक्ट्रॉनच हलले. मुक्त धातू एका बाजूला आत जाऊन दुसऱ्या बाजूला वेगळा मुक्त धातू बाहेर आला, की तिथे रेडॉक्स आहेच.

निवळी दुधाळ होण्याची अभिक्रिया चारांपैकी कोणत्याच साच्यात सरळ बसत नाही. हायड्रॉक्साइड अल्कधर्मी आणि कार्बन डायऑक्साइड आम्लधर्मी, म्हणून तिला उदासिनीकरण म्हणणे सर्वांत योग्य. ओढूनताणून साच्यात कोंबू नका.

धुणे आणि विल्हेवाट

फवारणीनंतर पंपाच्या नोझलमध्ये निळसर-पांढरा खर बसतो. त्यात कॉपर हायड्रॉक्साइड, जिप्सम आणि चुन्याचे कार्बोनेट असते. नोझल काढून प्लॅस्टिकच्या भांड्यात दुप्पट पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा. बुडबुडे येतात, खर सुटतो आणि पाणी निळसर होते, कारण तांबे आता विद्राव्य कॉपर ॲसिटेट झाले आहे. या पाण्यात पोलादी स्प्रिंग किंवा स्क्रू टाकू नका, त्यांवर तांबे चढेल. नोझल साध्या पाण्याने दोनदा धुवा. निळे पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. तांबे माशांना विषारी आहे. त्यात मूठभर विझवलेला चुना टाका, साका खाली बसू द्या आणि खिळा बुडवून पाहा. तो लाल झाला तर अजून चुना हवा.